रोज दहा पानं

ताईच्या घरात कायदा एकच होता आणि तो तिनेच वयाच्या पंधराव्या वर्षी केला होता. जो पुढे आहे त्याने मागच्याला काही सांगायचं नाही. सांगायचं नाही म्हणजे चित्रकथेतलं, हं. बाकी बाबतीत त्या बहीणभावांच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचा होता. आईवडील लवकर गेले, घरात दोघंच, त्यामुळे भांडायलासुद्धा एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. पण नवा खंड घरात आला की ताई गप्प. ती मोठी, पुस्तक आणणार ती, म्हणून पहिलं वाचन तिचं. धाकटा तिच्या खुर्चीभोवती घिरट्या घालायचा. "कोण मेलं? एवढंच सांग. नुसती मान हलव." ताई मान हलवायची नाही. चेहरा असा कोरा ठेवायची की भिंतीनेही तिच्याकडून शिकावं.

आणि या कायद्याला एक पोटकलम होतं, कोणी कधी बोलून न दाखवलेलं. पुढच्याने गप्प राहावं, पण खोटं सांगू नये. "कोणी मेलं नाही रे" अशी थाप ताईने चोवीस वर्षांत एकदाही मारली नव्हती. धाकट्याचा त्यावर इतका विश्वास होता, की ताई बडबडत असेल तर तो निवांत झोपायचा आणि ताईचा चेहरा कोरा झाला की मनाची तयारी करून पुस्तक उघडायचा.

चित्रकथा जपानी, म्हणजे माँगा. काळी-पांढरी चित्रं, उजवीकडून डावीकडे वाचायची. पहिला खंड जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडला तेव्हा या दोघांना ते कुठलं माहीत? त्यांनी तो आपल्या पद्धतीने सरळ वाचायला घेतला, म्हणजे उलटा. गोष्ट होती एका गाडीवानाची. वर्षानुवर्षं लढाई चाललेली, आणि हा आपल्या खेचराच्या गाडीतून मेलेले शिपाई त्यांच्या त्यांच्या घरी पोचवतो. दहा वर्षांचा धाकटा अर्ध्यावर थांबून म्हणाला, "ताई, हा माणूस घरातली मढी उचलून लढाईत नेऊन का टाकतोय?" मग चूक लक्षात आली आणि दोघं पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी बरोबर बाजूने वाचलं, आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. अठ्ठावन्न खंड. तेवढ्या काळात लोकांची लग्नं होऊन मोडली. या दोघांनी 'गाडी' सोडली नाही. 'गाडी' असंच म्हणायचे ते त्या मालिकेला.

वेड म्हणजे किती? बाविसाव्या खंडात खेचर मेलं. ताईने ते वाचलं, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, पोटभर रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "घे, तुझी पाळी." दुसऱ्या दिवशी धाकटा जेवला नाही. वर तिच्यावरच डाफरला, "तुला माहीत होतं? आणि तू काल माझ्यासमोर बसून दुसऱ्यांदा भात वाढून घेतलास?" एकतीस ते अडतीस या आठ खंडांत एकाच किल्ल्याचा वेढा. आठ खंड, म्हणजे यांची जवळजवळ तीन वर्षं. ताईने लेखकाला शिव्यांची लाखोली वाहिली. "अरे बाबा, उठव तो वेढा, किल्ल्यातले राहिले बाजूला, तू आम्हालाच उपाशी मारतोयस." तरी दर खंड पहिल्या दिवशी आणायला हीच पुढे. आणि त्रेचाळिसावा खंड असा उतरला की धाकट्याने तो मिटून, स्वयंपाकघरात येऊन ताईला मिठी मारली. चांगला सव्वीस वर्षांचा घोडा होता तेव्हा.

ताईची आवडती पानं म्हणजे दाराची. गाडीवान एखाद्या दारात येतो, टोपी काढतो, घरातलं कोणीतरी बाहेर येतं, आणि तो एका वाक्यात सांगतो: तुमचा मुलगा गेला, मी त्याला आणलंय. फिरवून नाही, गोड करून नाही. अठ्ठावन्न खंडांत असे शेकडो दरवाजे. "याला म्हणतात छाती," ताई म्हणायची. "मला नाही बाई जमणार." असं म्हणायची आणि पान उलटायची.

पुढे लेखकाचा हात दुखायला लागला, मालिका थांबली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन. मग बातमी आली की एकच खंड उरलाय, शेवटचा.

आता ताईच्या कामाचं सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. ती एका तपासणीच्या लॅबमध्ये होती, अठरा वर्षं. तिचं काम गाठींचं. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा बरणीतून येतो. ती तो मेणात बसवते, वडी गार झाली की यंत्रावर तिचे काप काढते, इतके पातळ की शेजारी कोणी शिंकलं तर उडून जावेत. काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचा, गुलाबी-जांभळा रंगवायचा, आणि काच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायची. निदान करणार बाई. पण रंग नीट बसलाय का हे ताईला बघावंच लागतं, आणि रंग बघताना बाकीचंही दिसतं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

धाकटा लिफ्ट बसवणारा मिस्त्री. त्याच्या मानेला गाठी आल्या. सर्जननी त्यातली एक काढून बरणीत घातली, तेव्हा धाकटा म्हणाला, "बरणी ताईच्या लॅबला जाऊ दे." आणि घरी येऊन तिला म्हणाला, "तूच बघ आणि तूच सांग. त्या डॉक्टर लोकांची भाषा माझ्या डोक्यावरून जाते."

सोमवारी दुपारी ताईने ती काच बघितली. जिथे लहानमोठ्या पेशींची सरमिसळ असायला हवी, तिथे सगळीकडे एकाच छापाच्या, मोठ्या, काळपट पेशी दाटीवाटीने बसलेल्या. तिने काच काढून पुसली. नंबर बघितला. पुन्हा लावली. मग दुसरा काप काढला, रंगवला, तोही तसाच. ती यंत्राशेजारच्या स्टुलावर तशीच बसून राहिली. कोणी विचारलं तेव्हा म्हणाली, चक्कर आली जरा.

आणि नशिबाचा खोडसाळपणा बघा. त्याच दिवशी शेवटचा खंड दुकानात आला. ताईने महिन्याभरापूर्वी सांगून ठेवलेला. संध्याकाळी तिचे पाय सवयीने दुकानाकडे वळले, हाताने पुस्तक घेतलं, आणि ती घरी पोचली तेव्हा धाकटा दारातच उभा होता. त्याने एका दमात दोन प्रश्न विचारले. "आला का? आणि माझ्या गाठीचं काय?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. गप्प राहिली असती, चेहरा कोरा केला असता, तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. तो चेहरा वाचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताईला हे एका क्षणात उमगलं आणि तिची पाचावर धारण बसली. आणि ती हसली. तोंडभर हसली. म्हणाली, "साधी गाठ आहे रे ठोंब्या. काही नाही त्यात. आणि हे घे, शेवटचा खंड तू आधी वाच."

"मी? तुझ्या आधी?" धाकट्याने पुस्तक दोन्ही हातांत धरलं. चौतीस वर्षांचा माणूस, पण डोळे असे झाले होते की ताईला ते बघवेनात. तिने मनाशी हिशेब केला: गुरुवारी बाईंचा कागद येईल, तो हातात घेऊन त्याला बसवून नीट सांगू. तीन दिवस तर सुखाचे जाऊ देत. यात तिचं काय चुकलं, असं तुम्ही विचाराल. सगळंच चुकलं. कारण धाकट्याने लगेच फोन उचलला आणि साथीदाराला सांगितलं, "माझी गाठ साधी निघाली, मी उद्या येतो." पाच तासांच्या अंतरावर एका नव्या इमारतीत सहा लिफ्ट बसवायच्या होत्या. गाठीपायी तो इतके दिवस अडून राहिला होता.

"थांब की दोन दिवस," ताई म्हणाली.

"कशाला? साधी आहे ना?"

त्याने पिशवी भरली, पुस्तक कपड्यांच्या मधोमध ठेवलं. "एका बैठकीत नाही संपवणार," तो म्हणाला. "चोवीस वर्षांचं जेवण आहे, बकाबका खायचं नाही. दोनशे पानं आहेत. रोज दहा. वीस दिवसांचं काम आहे, वीस दिवसांत पुस्तक. संपवून येतो आणि तुझ्या हातात देतो." मंगळवारी सकाळी तो गेला.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी ताईला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. जे तिला दिसलं होतं तेच त्यांनी सांगितलं, फक्त नावानिशी. "ही जात फार वेगाने वाढते," बाई म्हणाल्या, "पण औषधाला ऐकते. आठवड्याच्या आत सुरू करा. वेळ घालवू नका." ताई म्हणाली, हो. बाहेर काउंटरवरच्या मुलीने पाकीट तिच्याच हातात दिलं, घरचंच होतं ना. सर्जनकडून निरोप आला तेव्हा ताईने सांगितलं, मी आणून दाखवते. म्हणजे जिथून जिथून धाकट्याला कळलं असतं त्या सगळ्या वाटा तिने स्वतःच्या हाताने बंद केल्या, आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. ती सांगणार होती. शपथेवर सांगतो, वाक्य जुळवून बसली होती. पण तो आधीच सुटला होता. "ताई, तिसाव्या पानावर आहे. काय केलंय या माणसाने! सांगता येत नाही म्हणून पोट फुगलंय माझं. चोवीस वर्षं तू हे कसं सहन केलंस गं?" आणि हसला, आणि हसता हसता खोकला. "लिफ्टच्या शाफ्टमध्ये धूळ फार आहे," तो म्हणाला.

ताईच्या ओठांवर आलेलं वाक्य परत गेलं. तिने ठरवलं, पुस्तक संपू दे.

इथे मला तिचा राग येतो, आणि तिलाही पुढे स्वतःचा आला, तो वेगळा. पण हेही खरं की दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झालीच नसती. शेजारणीने सांगून टाकलं असतं. आई असती तर रडून मोकळी झाली असती. ज्याने एका गोष्टीसाठी चोवीस वर्षं वाट बघितली आहे, त्याला तिच्या शेवटच्या पानांवर असताना मध्येच हाक मारणं हे पाप आहे, असं फक्त तिच्याच जातीच्या माणसाला वाटू शकतं. तिला वाटलं, हे वीस दिवस याचे. यानंतर याच्या वाट्याला सुया आणि उलट्याच आहेत. वाचू दे.

शिवाय भित्रेपणा होताच. तो कशाला लपवा?

रोज संध्याकाळी साडेसहाला फोन. रोज दहा पानं. "आज एका पानावर नुसतं दार आहे, ताई. बाकी काही नाही. मी ते पान पंधरा मिनिटं बघत बसलो." "आज मी पाय आपटला, खालच्या मजल्यावरचा गवंडी बघायला आला." "आज कोणीतरी परत आलंय, चौतिसाव्या खंडातलं. नाव नाही सांगणार. जळ तू." ताई हसायची, विचारायची, मेलं का रे कोणी? आणि तो म्हणायचा, "कायदा म्हणजे कायदा." इतका खूश तो तिने किती वर्षांत ऐकला नव्हता. आणि रोज खोकला जरा जास्त. नवव्या दिवशी म्हणाला, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, मान सुजल्यासारखी वाटते, टाक्यांमुळे असेल ना? ताई म्हणाली, असेल. फोन ठेवल्यावर तिने स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

दहाव्या दिवशी तिने त्याला गळ घातली, "उरलेलं आज संपव की रे. एकदम वाच. मलाही धीर निघत नाही."

"वा गं वा," तो म्हणाला. "माझे दिवस आलेत, आता तू तडफड."

चौदाव्या दिवशी म्हणाला, आडवं झालं की गुदमरतं, दोन उशा घेऊन बसूनच झोपतो. त्या रात्री ताईला काही सुचेना. सकाळी तिने फोन लावला, तो शाफ्टमध्ये होता, उचलला नाही. संध्याकाळी त्याचाच आला. ती म्हणाली, "तू परत ये. उद्याच ये."

"का?"

त्याने विचारलं होतं. सरळ, एका शब्दात विचारलं होतं. ताई म्हणाली, "खोकला बरा वाटत नाही मला."

"पन्नासच पानं राहिली. पाच दिवस. मग येतोच आहे."

पाच दिवस, ताई मनात म्हणाली.

सतराव्या दिवशी दुपारी चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर काम करताना त्याला श्वास घेता येईना. साथीदाराने त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. छातीतल्या गाठींनी श्वासनळी दाबत आणली होती. तिथल्या दवाखान्यात त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा कुठे जीव वाचला.

ताई पहिल्या बसने निघाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिथला तरुण डॉक्टर भेटला. चांगला होता बिचारा, पण वैतागलेला. "पेशंटला आणणारा साथीदार सांगत होता, मानेची गाठ तपासली आहे, साधी आहे, बहिणीने स्वतः बघितली आहे. ही साधी गाठ दिसत नाही हो. रिपोर्ट आहे का कुठे?"

ताईने पर्स उघडली. पाकीट रोज काढून-ठेवून कडांना मळलं होतं. डॉक्टरने कागद उलगडला, वाचला, आणि वरची तारीख बघून तिच्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

धाकटा जागा होता. त्याने हात पुढे केला. डॉक्टरने विचार केला आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो पूर्ण वाचला. डॉक्टरी भाषा डोक्यावरून जाते म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला सगळं कळलं. मग त्याने तारखेवर बोट ठेवलं. बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी एक वही ठेवली होती. त्यात त्याने दोनच शब्द लिहिले. "वाचलं होतंस?"

ताईने हो म्हणून मान हलवली.

त्याने वही मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर चार-साडेचार महिने उपचार. दर तीन आठवड्यांनी सुई. केस गेले, भुवया गेल्या, वजन निम्मं झालं. गळ्यातली नळी निघाली, आवाज परत आला, पण कापडातून गाळल्यासारखा. ताईने बिनपगारी रजा घेतली, उशाशी बसली, भांडी धरली, पाठ चोळली. तो तिच्याशी चांगला वागत होता. हेच तर सलत होतं ना. भांडला असता, पुस्तक फेकून मारलं असतं, तर तिने ते हसत झेललं असतं. तो म्हणायचा, "थँक्यू." चोवीस तास घरातल्या घरात थँक्यू. ए ताई, ओ ताई, जळ तू, सगळं संपलं. काही विचारायचं झालं तर नर्सला विचारायचा, डॉक्टरला विचारायचा, एकदा तर फरशी पुसायला आलेल्या बाईला विचारलं, आज किती बाटल्या लावणार आहेत म्हणून. ताई शेजारच्या खुर्चीत होती.

ते पंधरा-सतरा दिवस लवकर कळलं असतं तर काय झालं असतं? तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, गळ्याला भोक पाडावं लागलं नसतं. बाकीचं सांगता येत नाही. आणि त्यांनी दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्या सुईच्या वेळी धाकट्याने पुस्तक मागवलं. उरलेली पानं हातात बाटलीची नळी असताना त्याने सलग वाचली, मिटलं, बाजूला ठेवलं. ताईने विचारलं, "कसं आहे?"

"ठीक," तो म्हणाला.

चोवीस वर्षं आणि ठीक. तो झोपल्यावर तिने ते उचललं आणि वाचलं. पहिली दीडशे पानं सुंदर होती, तो फोनवर उड्या मारत होता त्यात नवल नव्हतं. आणि शेवट? शेवट वाईट होता. लेखकाचा हात गेला होता. माणसांच्या मागे भिंती नाहीत, झाडं नाहीत, नुसता पांढरा कागद. जी लढाई अठ्ठावन्न खंड चालली ती दोन पानांत मिटली, कोणीतरी येऊन सांगतो की संपली. गाडीवान गाडी विकतो आणि चालत निघून जातो. शेवटचं पान तर इतकं घाईत काढलेलं की त्याच्या टोपीला एक बाजूच नव्हती. ताई त्या पानाकडे बघत राहिली. यासाठी? यासाठी मी तोंड बंद ठेवलं? याच्या श्वासापेक्षा मला ही पानं मोठी वाटली? तिला ते पुस्तक फाडावंसं वाटलं, पण वॉर्डात आवाज झाला असता. तिने ते पिशवीत टाकलं आणि भांडं धुवायला गेली.

सहावी सुई झाली. शेवटचं स्कॅन एका शुक्रवारी सकाळी झालं. लेखी कागद सोमवारी मिळणार होता. स्कॅन काढणाऱ्याचा कोरा चेहरा बघून धाकट्याने काय ते ताडलं होतं, आणि घरी येताच त्याने साथीदाराला फोन लावला. ताई रजा संपवून पुन्हा कामाला लागली होती; दुपारी ती लॅबमध्ये असताना डॉक्टरीणबाईंनी ओळखीने स्कॅनवाल्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि रिसीव्हर ठेवून त्या ताईला म्हणाल्या, "साफ आहे. काही उरलं नाही. जा, घरी जा, सांग त्याला."

ताई अर्धा रस्ता चालत आणि अर्धा धावत गेली. चाळिशीला टेकलेली बाई, पदर सावरत, लोक बघत होते. जिना चढेपर्यंत दम लागला होता.

धाकटा खोलीच्या मधोमध फरशीवर बसला होता. समोर त्याची हत्यारांची पेटी उघडी. पाने, पक्कड, ओळंबा, टेस्टर, सगळं बाहेर काढलेलं. एकेक वस्तू तेलकट फडक्याने पुसून तो परत पेटीत रचत होता. ही पेटी त्याने कधी कोणाला हात लावू दिली नव्हती.

"साफ आहे," ताई म्हणाली. "स्कॅन साफ आहे. बाईंनी स्वतः फोन करून विचारलं. काही उरलं नाही रे."

त्याने वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पूर्वी बघायचा तसं, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. ताई तोंडभर हसत होती. आणि तो बघत असतानाच तिला कळलं की हसू तेच आहे. त्या सोमवारी दारात होतं तेच. तिच्याजवळ दुसरं नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि पुढचा पाना उचलला.

"अरे, खरं सांगते."

"हो. बरं झालं."

"मग हे काय चाललंय?"

"साथीदार येतोय पाचला. त्याला देतोय. पडून गंजायला नकोत." आवाजात राग नव्हता. आजारी माणसाची समजूत काढावी तसा तो तिच्याशी बोलत होता.

पाचला साथीदार आला. दारात घुटमळला, कारण पेटी न्यायला त्याचं मन धजत नव्हतं. ताई त्याच्या जवळ गेली. "आज चांगली बातमी आहे," ती म्हणाली, "स्कॅन साफ आलंय, सोमवारी कागद मिळेल, पेटी राहू दे, त्याला लागेल." साथीदाराचा चेहरा उजळला. त्याने तिच्या खांद्यावरून धाकट्याकडे बघितलं. ताई वळली तेव्हा तिला दिसलं. धाकट्याने साथीदाराला डोळ्यांनी खुणावलं होतं, अगदी बारीक मान हलवून: असू दे, तिला बोलू दे.

साथीदाराने मान खाली घातली आणि पेटी उचलली. जड होती. जिन्यावर प्रत्येक पायरीला आतली हत्यारं वाजत होती, तो आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

सोमवार तीन दिवसांवर होता. ते तीन दिवस हा माणूस मरायला टेकल्यासारखा काढणार होता, एकेक वस्तू वाटत, आणि तो बरा झालाय हे जगात ज्या एका माणसाने त्याला सांगितलं होतं त्या माणसाच्या शब्दाला याच्या लेखी काही किंमत नव्हती. ताई त्याच्यासमोर फरशीवर बसली. तिने हसायचं थांबवलं. दोन्ही हातांनी त्याचे हात धरून तिने एका वाक्यात सांगितलं, "तू बरा झाला आहेस."

"हो गं ताई," तो म्हणाला. हात हळूच सोडवून घेऊन त्याने फडकं उचललं आणि पेटी होती तिथली फरशी पुसायला लागला.